नवकोटनारायणाचे हरिदास झाले : श्रीपुरंदरदास

मनुष्याच्या अंतःकरणांत इच्छेचा झरा अखंड वाहत असतो. तो आटवून टाकावा, असें कित्येक तपस्व्यांनीं सांगितलें आहे. परंतु भक्तिमार्गाची शिकवण थोडी निराळी आहे. झरा बुजवूं नये, त्याचा पाट वळवावा, असें भक्तिमार्ग सांगतो. काम, क्रोध, अभिमान हे विकारहि ईश्वराकडेच लावावे, असा उपदेश नारदाच्या भक्तिसूत्रांत केलेला आहे. हा उपदेश ऐकावयास सोपा, पण आचरणांत आणावयास फार कठीण. तो ज्यांच्या आयुष्यांत प्रत्यक्ष उतरलेला दिसतो, अशा एका सत्पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों. कर्नाटकांत घरोघर ज्यांचीं पदें गाइलीं जातात, ते हे श्रीपुरंदरदास होत.

त्यांचें मूळचें नांव श्रीनिवास नायक. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरदप्पा नायक नांवाच्या एका धनाढ्य सावकाराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. पुण्याजवळील पुरंदरगड हें त्यांचें जन्मस्थान, अशी जुनी समजूत आहे. अलीकडील कांहीं संशोधक मात्र तो मान कर्नाटकांतील तीर्थहळ्ळीच्या परिसरास देतात. वडिलांच्या मागें जवाहिराचा व गहाणवटीचा धंदा श्रीनिवासाच्या हातीं आला आणि त्यानें तो इतका वाढविला, कीं लोक त्याला नवकोटनारायण म्हणूं लागले. परंतु जसजशी संपत्ति वाढली, तसतशी त्याची मूठ अधिकच आवळत गेली. दारीं आलेला याचक रिकाम्या हातानें परत जावयाचा, हा त्या घरचा नित्याचा रिवाज झाला. त्याची पत्नी सरस्वतीबाई मात्र मोठी दयाळू व देवभोळी होती. पण पतीपुढें तिचें कांहीं चालत नसे.

या कृपणाच्या मनास कसें वळण लागलें, याविषयीं एक कथा भाविक लोक सांगतात. एक वृद्ध ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठीं द्रव्य मागावयास त्याच्या पेढीवर आला. नायकानें त्याला आज या, उद्यां या, असें म्हणत कित्येक महिने खेटे घालावयास लाविले आणि शेवटीं एक झिजलेलें, कवडीमोल नाणें त्याच्या हातावर ठेविलें. खिन्न होऊन तो ब्राह्मण नायकाच्या घरीं गेला व त्यानें सरस्वतीबाईस आपली अडचण सांगितली. पतीच्या धनास हात लावण्याचा तिला अधिकार नव्हता. पण नाकांतील नथ माहेरची होती. ती काढून तिनें ब्राह्मणास दिली. ब्राह्मण ती घेऊन पुन्हां त्याच पेढीवर आला आणि नायकापाशींच तिची किंमत मागूं लागला. नायकानें नथ ओळखली. ती पेटींत ठेवून, कुलूप लावून तो तडक घरीं आला आणि नथ दाखीव म्हणून पत्नीस दरडावूं लागला. बिचारी भयानें गांगरली. तिनें विषाचा पेला भरला आणि देवाचें नांव घेऊन ती तो ओठांस लावणार, इतक्यांत तीच नथ पेल्यांत पडली! नायकानें धांवत पेढीवर जाऊन पेटी उघडली, तों ती रिकामी. ब्राह्मणाचाहि कोठें पत्ता नव्हता.

या चमत्काराविषयीं कोणी कांहींहि म्हणो. जो पालट झाला, तो मात्र खराच होता. आपल्या द्रव्यलोभानें घरची माणसें मरणाच्या दारीं येऊन ठेपलीं, हें त्याला दिसलें. जन्मभर सोन्याचा कस पाहणाऱ्या त्या जवाहिऱ्यानें त्या दिवशीं प्रथमच स्वतःचा कस पाहिला आणि तो हीण ठरला! मग त्यानें आपली सारी संपत्ति दान केली व बायकामुलांसह तो विजयनगराकडे चालूं लागला. त्या वेळीं त्याचें वय चाळिशीच्या घरांत होतें.

विजयनगरास माध्व संप्रदायाचे थोर आचार्य व्यासराय राहत असत. राजा कृष्णदेवराय त्यांस फार मान देई. इ. स. १५२५ च्या सुमारास त्यांनीं श्रीनिवासास दीक्षा देऊन पुरंदरदास हें नांव ठेविलें, असें परंपरा सांगते. ईश्वर हाच एक स्वतंत्र असून जीव व जग सर्वस्वीं त्याच्या अधीन आहे, असें या संप्रदायाचें तत्त्व आहे. मग धन माझें, असें म्हणणारा मी कोण? धन्याच्या पेढीवरील मुनीमच ना? हें तत्त्व एका सावकारास जितकें लवकर उमगलें असेल, तितकें दुसऱ्या कोणास क्वचितच उमगलें असेल.

आतां पुरंदरदास पायांत चाळ बांधून व हातीं तंबोरा घेऊन सकाळीं विजयनगरच्या रस्त्यांतून हरिनाम गात फिरत. मिळेल त्या माधुकरीवर सर्व कुटुंबाचा निर्वाह होई. उद्यांकरितां कांहीं सांठवावयाचें नाहीं, असा नेम होता. पूर्वीं आपणांस तंबोरा धरण्याची लाज वाटे, तो आपल्या हातीं पत्नीनें दिला, अशी कृतज्ञता त्यांनीं एका पदांत बोलून दाखविली आहे. तथापि त्यांच्यांतील व्यापारी नाहींसा झाला नाहीं, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. एका पदांत ते फेरीवाल्यासारखी हांक देऊन हरिनामाची खडीसाखर विकावयास काढतात. हा माल बैलावर लादावा लागत नाहीं, यास जकात पडत नाहीं, असें ते गिऱ्हाइकांस सांगतात. नफ्याची हांव तीच. मात्र आतां माल निराळा आणि नफा सर्वांचा! ज्यांनीं नऊ कोटींचें धन सोडिलें, त्यांनींच सौभाग्यदायिनी लक्ष्मीस घरीं बोलावणारें गोड पद रचिलें. लक्ष्मीचा त्यांस तिटकारा नव्हता. पूर्वीं जिला पेटींत कोंडून ठेविली, तिला आतां ते आई म्हणून हांक मारीत होते. गदगचे पंडित भीमसेन जोशी पुण्यास स्थायिक झाले होते; त्यांच्या मुखानें हें पद असंख्य मराठी श्रोत्यांनींहि ऐकिलें आहे.

पुरंदरदासांचीं हजाराच्या आसपास पदें आज उपलब्ध आहेत. तीं विद्वानांच्या संस्कृतांत नसून बाजारांत व घरांत बोलल्या जाणाऱ्या कानडींत आहेत. मनुष्य जन्मानें नव्हे, तर आचरणानें उंच किंवा नीच ठरतो, असें ते निर्भयपणें सांगत. धनगर कुळांतील कनकदास हे त्यांचे समकालीन हरिदास होते. कर्नाटक संगीत शिकणारीं मुलें प्रारंभीं मायामालवगौळ रागांत, म्हणजे आपल्याकडील भैरव थाटाच्या स्वरांत, जे सोपे पाठ घोटतात, त्यांची पद्धति पुरंदरदासांनींच घालून दिली, असें मानतात. पुढें दोन शतकांहून अधिक काळानें झालेले त्यागराज यांनींहि त्यांस आदरानें वंदन केलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बासेल मिशनचे हर्मान मोग्लिंग यांनीं मंगळुरास हरिदासांचीं पदें छापून प्रसिद्ध केलीं. धर्म निराळा असूनहि त्या पाद्र्यास या वाणीचें मोल कळलें.

इ. स. १५६५ च्या आरंभीं पौष अमावास्येस पुरंदरदासांनीं देह ठेविला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १५६५ च्या जानेवारींत, तालिकोटच्या लढाईंत विजयनगरचा मोड झाला आणि जिच्या वैभवाचें वर्णन परदेशच्या प्रवाशांनीं केलें, ती नगरी धुळीस मिळाली. हंपीस तुंगभद्रेच्या कांठीं पुरंदरदासांचा म्हणून दाखविला जाणारा मंडप मात्र अजून उभा आहे, आणि पदें तर कोट्यवधि मुखीं आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, कोणास बक्षिसाची हांव असते, कोणास पहिल्या नंबराची, कोणास शाबासकीची. ती हांव आहे म्हणून निराश होण्याचें कारण नाहीं. जें बळ सोनें सांठवीत होतें, तेंच पुढें गाणें वांटूं लागलें. आपल्या अंगीं असलेलें बळ आपण कोणाच्या सेवेस लावीत आहों, एवढें मात्र प्रत्येकानें रोज रात्रीं आपल्या मनास विचारावें.