अचानक बदललेला स्वभाव : जॉर्ज गर्श्विन यांचे शेवटचे पाच महिने

घरातला शांत माणूस अचानक चिडचिड करू लागला, किंवा हसतमुख माणूस गप्प गप्प राहू लागला, की आपण लगेच कारण शोधतो. कामाचा ताण असेल, वय झाले असेल, सगळ्यांचे लक्ष वेधून घ्यायचे असेल. यातले काही बऱ्याचदा खरेही असते. पण कधी कधी कारण शरीरात असते आणि आपण ते माणसाच्या स्वभावात शोधत बसतो. प्रसिद्ध अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

गर्श्विन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८९८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित. घरात पियानो आणला तो थोरला भाऊ आयरा याच्यासाठी, पण तो वाजवू लागले जॉर्ज. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते एका संगीत प्रकाशकाकडे नोकरीला लागले. नवी गाणी गिऱ्हाइकांना पियानोवर वाजवून दाखवणे हे त्यांचे काम होते. १९२४ साली, वयाच्या पंचविशीत, ‘रॅप्सडी इन ब्लू’ या रचनेने त्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली. १९३५ मध्ये ‘पोर्गी अँड बेस’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. आयरा गीते लिहीत आणि जॉर्ज चाली देत. १९३६ मध्ये दोघे भाऊ चित्रपटांच्या कामासाठी हॉलिवूडला राहायला गेले.

गर्श्विन उत्साही, माणसांत रमणारे होते. मेजवानीत पियानो दिसला की ते वाजवायला बसत आणि मग उठायचे नाव घेत नसत. त्यांची ही ओळख लक्षात ठेवा, कारण पुढचा बदल त्यावरूनच कळतो.

फेब्रुवारी १९३७ मध्ये लॉस एंजेलिस येथे एका कार्यक्रमात स्वतःचीच रचना वाजवताना त्यांचे भान क्षणभर हरपले आणि काही स्वर चुकले. त्याच वेळी त्यांना रबर जळल्यासारखा वास आला. आजूबाजूला काहीच जळत नव्हते. पुढच्या काही महिन्यांत तो वास पुन्हा पुन्हा येऊ लागला. जोडीला डोकेदुखी आणि चक्कर सुरू झाली. ते चिडचिडे आणि उदास झाले. हॉलिवूडमध्ये मन रमत नाही, कामाचा ताण आहे, असा अर्थ जवळच्या लोकांनी लावला. त्यांच्यावर मानसोपचारही सुरू होते.

जूनमध्ये त्रास वाढल्यावर त्यांना रुग्णालयात दाखल केले. मणक्यातले पाणी काढून तपासण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला, पण गर्श्विन यांनी नकार दिला. तीन दिवसांनी त्यांना घरी सोडले, तेव्हा हा त्रास बहुधा हिस्टेरियाचा, म्हणजे मानसिक कारणाचा, असल्याची नोंद झाली.

घरी परतल्यावर हातातून वस्तू पडू लागल्या, जेवताना अन्न सांडू लागले. भेट मिळालेली चॉकलेटे कुस्करून त्यांनी अंगाला फासली, असेही सांगितले जाते. काहींना हे सगळे नाटक वाटले. अखेर त्यांना भावाच्या घरातून एका मित्राच्या घरी हलवण्यात आले.

९ जुलैला ते बेशुद्ध झाले. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मेंदूच्या उजव्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानाच्या वरच्या बाजूच्या भागात, मोठी गाठ सापडली. ११ जुलै १९३७ रोजी सकाळी त्यांचे निधन झाले. वय होते ३८.

मेंदूचा हा भाग वास, स्मरण आणि भावना यांच्याशी जोडलेला आहे. तिथे गाठ असेल तर नसलेला वास येणे ही लहानशी आकडी असू शकते, आणि मनःस्थितीतील बदल हेही त्याच आजाराचे लक्षण असू शकते. सीटी स्कॅन किंवा एमआरआय तेव्हा नव्हते. निदान लवकर झाले असते तरी ते वाचले असते असे म्हणता येत नाही; अशा झपाट्याने वाढणाऱ्या गाठींवर उपचार करणे आजही कठीण आहे. पण शेवटचे काही आठवडे नाटकी ठरून काढण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती.

मग प्रत्येक चिडचिडीमागे गाठ असते का?

नाही. मेंदूची गाठ हे अगदी कमी वेळा आढळणारे कारण आहे. नेहमी दिसणारी कारणे अशी :

- नैराश्य, अतिचिंता, बायपोलर आजार, अपुरी झोप
- थायरॉइडचे विकार. मधुमेहाच्या औषधांमुळे साखर एकदम कमी होणे
- बाळंतपणानंतरचा काळ, रजोनिवृत्तीच्या आसपासचा काळ
- दारू किंवा इतर व्यसन, तसेच ते अचानक बंद करणे
- स्टिरॉइडसारखी काही औषधे
- वयस्कर व्यक्तींमध्ये लघवीचा किंवा इतर जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे
- डोक्याला झालेली इजा. कधी कधी ती किरकोळ वाटून विसरलेली असते

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

स्वभावातील बदलासोबत वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, आकडी, बोलण्यात अडखळणे, हातापायांतील कमजोरी, तोल जाणे, नसलेले वास किंवा आवाज जाणवणे, ताप, गोंधळलेपणा यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. मधुमेही व्यक्ती अचानक विचित्र वागू लागली तर लगेच साखर तपासा. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. भारतात टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते.

डॉक्टरांना काय सांगावे?

रुग्ण माझ्यासमोर दहा मिनिटे बसतो. तुम्ही त्याला वर्षानुवर्षे ओळखता. बदल केव्हापासून आहे, आधी स्वभाव कसा होता, सोबत आणखी काय होते आहे आणि कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून आणा. पहिल्या तपासणीत काही सापडले नाही आणि त्रास वाढतच गेला, तर पुन्हा या. तोपर्यंत नाटक करतोय, हा शब्द घरात कोणी वापरू नये.