टोलेंटिनोचे थॉमस

टोलेंटिनोचे थॉमस (जन्म : इ.स. १२५५ च्या सुमारास, टोलेंटिनो, इटली. मृत्यू : ९ एप्रिल, इ.स. १३२१, ठाणे) हे फ्रान्सिस्कन संघाचे धर्मप्रसारक होते. चीनला जाण्यासाठी निघालेल्या थॉमस यांचा उत्तर कोकणात अंत झाला. त्यांच्या अस्थी मात्र पुढे चीनला पोहोचल्या.

पूर्वायुष्य

तरुण वयातच थॉमस फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. संघाने दारिद्र्यव्रत काटेकोरपणे पाळावे, असा आग्रह धरणाऱ्या गटात ते होते. या आग्रहापायी त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. संघप्रमुख रेमंड गॉडफ्रॉय यांनी त्यांची सुटका करून त्यांना आर्मेनियाच्या राज्यात पाठवले. चीनमधील धर्मप्रसारक जॉन ऑफ माँटेकॉर्व्हिनो यांची पत्रे घेऊन ते युरोपात परतले आणि इ.स. १३०७ मध्ये त्यांनी पोप क्लेमेंट पाचवे यांच्यापुढे त्या कार्याची बाजू मांडली.

ठाण्यातील मृत्यू

पुढे पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, तिफ्लिसचे दिमित्री आणि डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस यांच्यासह ते भारताकडे निघाले. जहाज ठाण्यास लागल्यावर तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आश्रय दिला. प्रवासी ओडोरिक यांच्या वृत्तांतानुसार, यजमान घरातील पतिपत्नींचा वाद काझीपुढे गेला आणि या परदेशी पाहुण्यांना साक्षीस बोलावण्यात आले. तेथे चर्चा धर्माकडे वळली व त्यांच्या उत्तरांवरून रोष ओढवला. थॉमस, जेम्स व दिमित्री यांना ९ एप्रिल रोजी, तर पीटर यांना दोन दिवसांनी ठार मारण्यात आले. जॉर्डानस त्या वेळी ठाण्यात नव्हते, म्हणून ते वाचले.

अवशेष

जॉर्डानस यांनी सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवून सोपारा येथे पुरले. त्यानंतर काही काळाने ठाण्यास आलेल्या ओडोरिक यांनी त्या अस्थी काढून घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनमधील झैतून, म्हणजे आजचे च्वानचौ, येथील फ्रान्सिस्कन मठात नेऊन ठेवल्या. वाटेत वारा पडून जहाज अडकले असता एक अस्थी समुद्रात सोडताच वारा सुटला, अशी कथा त्यांनी सांगितली आहे. थॉमस यांचे शिर टोलेंटिनोला नेण्यात आले, अशी परंपरा आहे.

वारसा

इ.स. १८९४ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी थॉमस यांच्या परंपरागत भक्तीस मान्यता दिली. ९ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन होय. पुढे कोल्लमचे बिशप झालेल्या जॉर्डानस यांची पत्रे आणि ओडोरिक यांनी इ.स. १३३० मध्ये सांगून लिहवून घेतलेला प्रवासवृत्तांत ही या घटनेची मुख्य साधने आहेत. दोन्ही लेखन एकाच धर्मपरंपरेतील असल्याने त्यातील चमत्कारकथा श्रद्धेचा भाग मानल्या जातात. तरीही पोर्तुगीज येण्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधी ठाणे व सोपारा येथे ख्रिस्ती वस्ती होती आणि ही बंदरे होर्मुझ ते चीन या सागरी मार्गाशी जोडलेली होती, हे त्यांतून कळते.