पत्र वाचणारा माणूस

१९८७ साली शहापूरच्या शाखेत माझ्यासमोर एक तरुण येऊन बसला होता. किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या वाटेवर त्याचे गाव. सायकलचे सुटे भाग जमवून त्याने पायाने फिरवायचे भात झोडणीचे यंत्र तयार केले होते. खळ्यावर पेंढ्या आपटून आपटून आईचे खांदे भरून येतात, म्हणून ते सुचले असे तो सांगत होता. अशी दहा यंत्रे करायला त्याला कर्ज हवे होते. अर्जासोबत वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेले चित्र होते. मी ते चित्र कौतुकाने पाहिले, त्याला चहा पाजला आणि तारण नाही म्हणून अर्ज परत केला. नियमाप्रमाणे माझे काहीच चुकले नव्हते.

दोन वर्षांनी तो आखातात गेला. त्याचे ड्राफ्ट आईच्या नावाने माझ्याच टेबलावर येऊ लागले. बाईंना अक्षरओळख नव्हती. ड्राफ्ट खात्यात भरायला आल्या की त्या पिशवीतून पत्रही काढत आणि ते मी वाचून दाखवत असे. आधी खुशाली, मग पैशांचा हिशेब आणि अगदी शेवटी तिकडे पाहिलेल्या एखाद्या यंत्राची माहिती. शेवटचा भाग मी भरभर वाचून टाकत असे.

ही गोष्ट इतक्या वर्षांनी वर आली ती शंकर आबाजी भिसे यांच्यामुळे. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी ज्यांना भारताचा एडिसन म्हटले, ते भिसे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात, त्यात शोधांची यादी असते. पण मला त्यांच्या आयुष्यात यादीपेक्षा वेगळेच काही दिसले. परदेशी गेलेल्या या माणसाच्या कामाची बातमी इकडे कोणीतरी मन लावून वाचत होते.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे अमेरिकेतले नियतकालिक हीच त्यांची शाळा. चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच कोळशापासून गॅस तयार करण्याचे उपकरण जुळवले. पुढे मुंबईच्या लोकल गाड्यांसाठी स्टेशनांची नावे दाखवणारा दर्शकही त्यांनी तयार केला. आज आसनगावहून डोळे मिटून प्रवास करणाऱ्याला पुढचे स्टेशन ऐकू येते. ती सोय कोणाला तरी शंभर वर्षांपूर्वीच सुचली होती.

१८९७ साली लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. वाण्याच्या दुकानात साखर, पीठ असा माल ढिगातून आपोआप मोजून देणारे यंत्र हवे होते. भिसे यांनी मुंबईत बसून आराखडा केला, पाठवला आणि पहिले बक्षीस मिळवले. तिकडचे स्पर्धक मागे पडले. मुंबईतली मोठी माणसे खडबडून जागी झाली. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी ओळखपत्र दिले आणि ते घेऊन भिसे लंडनला दादाभाई नौरोजींच्या दारात उभे राहिले.

दादाभाई म्हणजे १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेलेले पहिले भारतीय. भारताचा पैसा इंग्लंडला कसा वाहून जातो, हे आकड्यांनी मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी या तरुणाचे कागद पाहिले आणि स्वतःचा पैसा घातला. नफ्यातल्या वाटणीचा करारही केला. ही देणगी नव्हती, व्यवहार होता, आणि भिसे यांचा मान त्यानेच राखला गेला. मग एकामागून एक वस्तू निघाल्या. विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकला. स्वयंपाकघरातली उपकरणे झाली, आपोआप धुतले जाणारे शौचकूपही झाले.

पण भिसे यांचा जीव अडकला होता तो छपाईच्या यंत्रात. शिशाचे खिळे ओतायचे आणि लगेच जुळवायचे, असे ते यंत्र. मिनिटाला बाराशे खिळे पाडण्याचा त्यांचा दावा होता. त्याला नाव मिळाले ‘भिसोटाइप’.

हे यंत्र बाजारात आणायला मात्र फार मोठे भांडवल लागणार होते. समोर लायनोटाइपसारखी बलाढ्य कंपनी उभी. तिचा जनक मेर्गेन्थालर हाही परदेशी जाऊन राहिलेलाच, जर्मनीहून अमेरिकेला गेलेला. पण त्याच्या पाठीशी अमेरिकेतले वृत्तपत्रवाले उभे राहिले होते आणि १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये त्याचे यंत्र चालूही झाले होते. भिसे यांच्यामागे होते एक म्हातारे दादाभाई. त्यांनी समाजवादी पुढारी हिंडमन यांच्याकडे शब्द टाकला. हिंडमन यांनी पंधरा हजार पौंड उभे करण्याचे आश्वासन दिले, पण १९०७ च्या अखेरीस त्यांनी हात टेकले. त्याच वर्षी दादाभाईही लंडन सोडून कायमचे मायदेशी परतले होते. भिसे यांनी सामान बांधले आणि ते मुंबईच्या बोटीवर चढले.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखल्यांनी या हताश माणसाची कहाणी ऐकून घेतली आणि मुंबईत सर रतन टाटांकडे, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या चिरंजीवांकडे, ती पोचवली. टाटांच्या पैशावर नवी मंडळी उभी राहिली, भिसे पुन्हा लंडनला गेले. मग पहिले महायुद्ध आले आणि १९१५ मध्ये तोही आधार संपला.

या सगळ्या काळात भिसे दादाभाईंना कळवत राहिले. यंत्र कुठवर आले, पेटंटचे काय झाले, पैसे कुठे अडले. दादाभाई प्रत्येक कागद जपणारे. त्यांच्या संग्रहातले सुमारे ३० हजार कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि भिसे यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्यातच सापडतो. ऐंशी ओलांडलेला तो माणूस वर्सोव्याच्या घरात बसून लंडनमधल्या यंत्राची खबर घेत होता. घातलेला पैसा परत येण्याची चिन्हे केव्हाच मावळली होती. ३० जून १९१७ रोजी दादाभाई गेले.

तोवर भिसे न्यूयॉर्कला पोचले होते. वय पन्नाशीला टेकलेले. पुन्हा नवा देश, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिथे १९२० मध्ये खिळे पाडणाऱ्या यंत्राची त्यांच्या नावाची कंपनी निघाली. आयोडीनपासून केलेल्या त्यांच्या ‘ॲटोमिडीन’ या औषधाने थोडी बरकत दिली. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी एक केंद्रही काढले. १९३० मध्ये त्यांची खुद्द एडिसनशी भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. ज्या यंत्रासाठी हयात घालवली, त्याने जगातल्या छापखान्यांवर राज्य केले नाही.

बँकेच्या हिशेबाने हे खाते बुडीत म्हणायचे. माझ्या टेबलावर आले असते तर मी तसाच शेरा मारला असता. पण बँकेत बसून मी हेही पाहिले आहे की माणूस पहिल्या नकाराने सहसा मोडत नाही. मोडतो तो कामाचे सांगायला कोणी उरले नाही म्हणजे. भिसे तीन वेळा रिकाम्या हाताने उभे राहिले आणि तिन्ही वेळा पुन्हा कामाला लागले. पहिल्या दोन वेळा त्यामागे दादाभाई होते, बोटीवर थांबून ऐकून घेणारे गोखले होते. तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांना बहुधा सवय झाली असावी की आपले काम ऐकण्यासारखे आहे.

किन्हवलीकडच्या त्या मुलाची पत्रे पुढे फोन आल्यावर थांबली. तो परत आला, पण यंत्राच्या वाटेला गेला नाही. गावात त्याचे किराणा दुकान झाले. आता बहुतेक खळ्यांवर मळणी इंजिनावरच होते, तेही बाहेरून आणलेल्या.

मला आठवतात त्या त्याच्या आई. पत्राचा शेवट मी भरभर संपवला की त्या थांबवायच्या आणि विचारायच्या, एवढे लांबलचक काय लिहिले आहे. मी म्हणायचो, काही नाही मावशी, कामाचे आहे. त्या घडी करून पत्र पिशवीत ठेवायच्या आणि शहापूरच्या एसटी स्टँडकडे चालू लागायच्या.