शाळाच मुलाकडे गेली
(कै. ताराबाई मोडक)

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी आई आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी अंगणवाडी सेविका आहे. ती आठ दिवस आजारी पडली आणि मदतनीस बाईंच्या हाताखाली मुलांजवळ मी बसू लागलो. बी. ए. ला माझा मानसशास्त्र विषय. बालमनावरची दोन-चार प्रकरणे तोंडपाठ, म्हणून तोराही होता. तिसऱ्याच दिवशी एका पाच वर्षांच्या मुलीला मी चापट मारली. ती सारखी उठून दाराशी जात होती. ती रडली नाही. तिने फक्त बाहेर बोट दाखवले. ओट्यावर तिचा दीड वर्षाचा भाऊ बसला होता. आईबाप मजुरीला गेलेले. त्याला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते.

त्या दिवशी माझी सारी प्रकरणे फोल ठरली. कॉलेज उघडल्यावर ग्रंथालयात बालशिक्षणावरची पुस्तके चाळताना मला ताराबाई मोडक भेटल्या. हे नाव बी. एड. च्या मुलांना परीक्षेपुरते ठाऊक असते. मला मात्र वाटले, या बाईंनी ती मुलगी माझ्या कितीतरी आधी पाहिली होती.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचे नाव केळकर. घर प्रार्थनासमाजी आणि सुधारकी वळणाचे. मुली चार बुके शिकल्या तरी गाव नवल करी त्या काळात, १९१४ साली, त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर आपल्या शेजारच्या अमरावतीस आल्या. यजमान वकील होते. पण संसार टिकला नाही. १९२१ साली दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी. अशा वेळी माहेरची वाट धरणे सोपे होते. ताराबाईंनी राजकोटची वाट धरली आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या.

तेथे मान होता, पगार होता. तरी १९२३ च्या सुमारास ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात आल्या. मला हा त्यांच्या आयुष्यातला खरा वळणाचा क्षण वाटतो. मोठ्यांना शिकवणारी बाई लहानांजवळ खाली बसली आणि पाहू लागली. मूल हट्ट का करते, एकच वस्तू पुन्हा पुन्हा का मांडते, मारल्यावर गप्प बसते तेव्हा त्याच्या आत काय होते, हे त्या रोज पाहत होत्या. आज ज्याला शालेय मानसशास्त्रज्ञाचे काम म्हणतात, ते त्यांनी कोणत्याही हुद्द्यावाचून आयुष्यभर केले. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

त्यांचे लेखन या पाहण्यातूनच आले. मराठी 'शिक्षणपत्रिके'चे संपादन करताना त्या पालक-शिक्षकांना मुलाच्या बाजूने समजावत राहिल्या. 'बिचारी बालके' हे पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. 'नदीची गोष्ट' सारखे लेखन मुलांसाठी. कोणी म्हणेल, ही काही ललित वाङ्मयातली मोठी नावे नव्हेत. खरे आहे. पण दुसऱ्याच्या मनात शिरणे ही जर लेखकाची कसोटी असेल, तर ज्याला स्वतःचे दुःख सांगता येत नाही अशा मुलाच्या मनात शिरणारी लेखणी लहान कशी म्हणावी?

१९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढले. परंतु माँटेसरी बाईंच्या पद्धतीची साधने महाग. ती शहरातल्या खात्यापित्या घरांना परवडणारी. खेड्यातल्या मुलाचे काय? हा प्रश्न आपल्या वर्ध्याचाही होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली, मूलोद्योग शिक्षणाची योजना झाली. पण ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सातच्या आतले मूल बाहेरच राहिले. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम संमेलनात नई तालीमचा विचार त्याही वयापर्यंत पोचला. त्याच वर्षी त्रेपन्न वर्षांच्या ताराबाईंनी दादर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. शिंपले, खडे, बिया, पाने हीच तिथली साधने झाली.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. १९५७ मध्ये त्या कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी गेल्या. तिथली पोरे गुरे राखत, म्हणून कुरणातच शाळा भरली. मोठ्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन येत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिले विकासवाडी. हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. माझ्या चापटीचे उत्तर कोसबादला कधीच देऊन झाले होते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. ते पाहायला त्या नव्हत्या.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आईला सारे सांगितले, चापटीसकट. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत गेलो, तर दाराच्या आत, भिंतीशी, एक जुनी सतरंजी घडी करून अंथरलेली होती. त्यावर तो धाकटा बसला होता. बहीण त्याच्याकडे पाठ करून चित्रात रंग भरत होती. एकदाही उठली नाही.