घेरीचे मूळ शोधणारे डॉ. रॉबर्ट बारानी

भगिनींनो, घेरी हे दुखणे मोठे विचित्र. ताप आला तर अंग गरम लागते, हात मोडला तर दिसतो. पण घेरी कुणाला दिसत नाही. घर गरगर फिरते असे जी सांगते, तिला कुणी उपासाचा दोष देतो, तर कुणी मनाचे खेळ म्हणतो. या न दिसणाऱ्या दुखण्याची डोळ्यांना दिसेल अशी खूण ज्यांनी शोधली, त्या डॉ. रॉबर्ट बारानींचे चरित्र थोडक्यात सांगते.

बारानींचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी झाला. सहा भावंडांत ते थोरले. लहानपणी त्यांना हाडांचा क्षय झाला आणि एक गुडघा कायमचा ताठ राहिला. तरीही पुढे ते टेनिस खेळत, डोंगरात फिरत, पियानो वाजवीत. १९०० साली ते डॉक्टर झाले व पुढे प्रा. पोलिट्झर यांच्या प्रसिद्ध कानाच्या दवाखान्यात काम करू लागले.

तेथे ते पिचकारीने रोग्यांचे कान धूत. पुष्कळांना तेव्हा घेरी येई आणि त्यांची बुबुळे एका बाजूस हिसके देत. एके दिवशी एका रोग्याने तक्रार केली, की पाणी पुरेसे ऊन नसले तरच आपल्याला घेरी येते. परिचारिकेच्या मते पाणी ठीक होते. बारानींनी मात्र रोग्याचे ऐकले व जास्त ऊन पाणी मागवले. पुढच्या खेपेस पाणी इतके कढत आले, की रोगी ओरडला आणि त्याला पुन्हा घेरी आली. बारानी पाहतात तो बुबुळे आता उलट दिशेने हिसके देत होती!

असे का व्हावे? आपल्या आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच अगदी बारीक अशा तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाणी असते. डोके हलले की ते हलते व मेंदूला खबर देते. बंबात ऊन पाणी वर चढते व गार खाली बसते, तसेच या नळ्यांतही होत असावे, असे बारानींनी ताडले. डोके उलटे केले तर हिसकेही उलटले पाहिजेत. तसा प्रयोग त्यांनी केला आणि तो खरा ठरला. १९०६ साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. (१९८३ साली अंतराळात, जेथे ऊन पाणी वर चढत नाही, तेथेही हिसके दिसले, म्हणजे ते एवढेच कारण नव्हे. परीक्षा मात्र आजही वापरात आहे.) ज्या कानाचे तोलाचे यंत्र निकामी, त्या कानात ऊन वा गार पाणी घातले तरी बुबुळे हलत नाहीत. त्यामुळे दोष कोणत्या कानात आहे ते कळते.

फुगडी घालून थांबलो तरी क्षणभर जग फिरतच राहते ना? तेच तपासण्यासाठी त्यांनी फिरती खुर्ची वापरली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९०९ साली इडा बर्गर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे व एक मुलगी. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ताठ गुडघ्याचा हा माणूस आपणहून सैन्याचा डॉक्टर म्हणून गेला. १९१५ च्या मार्चमध्ये प्शेमिश्लचा किल्ला पडला आणि रशियनांनी त्यांना कैद करून दूर मध्य आशियात मर्व्ह येथे नेले. तेथे त्यांना हिवतापाने गाठले, तरी ते कैद्यांवर व गावकऱ्यांवर उपचार करीत राहिले. कैदेत असतानाच त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे खटपट केली, तेव्हा १९१६ साली त्यांची सुटका झाली.

पण मायभूमीने काय दिले? व्हिएन्नातील काही सहकाऱ्यांनी, दुसऱ्यांच्या कामाचे श्रेय दिले नाही, असा आरोप त्यांच्यावर केला. स्वीडनमधील विद्वान त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९१७ साली बारानी तिकडेच उप्साला विद्यापीठात गेले आणि अखेरपर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

१९२१ साली त्यांनी एका तरुण स्त्रीचे दुखणे लिहून ठेवले. डोके ठराविक बाजूला वळवून निजले की तिला घेरी येई आणि बुबुळे हिसके देत. दोष आतल्या कानात आहे, हे त्यांनी ओळखले. तेथील चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडून त्या नळ्यांत शिरतात, हे पुढे कळले. आज डॉक्टर डोके ठराविक रीतीने वळवून ते कण मूळ जागी आणतात व पुष्कळांना लगेच आराम पडतो.

८ एप्रिल १९३६ रोजी, साठावा वाढदिवस चौदा दिवसांवर असताना, उप्साला येथे त्यांचे निधन झाले. १९६० साली त्यांच्या नावाने तोलाच्या विकारांच्या अभ्यासकांची संस्था निघाली. ती आजही काम करते.

भगिनींनो, एवढी विद्या असूनही बारानींनी पाणी गार असल्याची साधी तक्रार कानाआड केली नाही. आपल्याही घरात सासूबाई, जाऊ, लेक घर फिरते असे सांगतील, तेव्हा लिंबूपाणी देऊन निजवावे खरे. पण वरचेवर होत असेल तर डॉक्टरांना दाखवून कानही तपासून घ्यावा. सांगणारीचे आधी ऐकावे, हेच या थोर पुरुषाच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे.