विल्मा रुडॉल्फ : कॅलिपरपासून सुवर्णपदकापर्यंत

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मुलांना जिद्दीची गोष्ट सांगायची असेल तर विल्मा रुडॉल्फची जरूर सांगा. मात्र सांगताना तिच्या घरच्या माणसांना विसरू नका.

विल्माचा जन्म २३ जून १९४० रोजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात झाला. दिवस पूर्ण भरण्याआधीच जन्मलेलं हे बाळ जेमतेम दोन किलोचं होतं. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून २२ भावंडं, त्यात विल्मा विसावी. वडील रेल्वेत हमाली करत आणि आई ब्लँच गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करायची. न्यूमोनिया झाला, स्कार्लेट फीव्हर झाला आणि मग पोलिओने डावा पाय लुळा पडला. ती कधी नीट चालेल, असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं.

त्यांच्या क्लार्क्सव्हिल गावात कृष्णवर्णीयांना उपचार मिळणं कठीण होतं. म्हणून आई दर आठवड्याला तिला बसने सुमारे ८० किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला न्यायची. बसमध्येही त्यांना मागेच बसावं लागे. पायाला मालीश कशी करायची हे आई तिथे शिकली आणि तिने ते मोठ्या मुलांनाही शिकवलं. मग काय, घरात दिवसातून चार वेळा आळीपाळीने मालीश सुरू झाली! हे काही वर्षं चाललं, बरं का. बाराव्या वर्षापर्यंत कॅलिपर आणि खास बूट दोन्ही सुटले.

शाळेत ती बास्केटबॉल खेळू लागली. तिथे टेनेसी स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक एड टेंपल यांनी तिचा वेग हेरला आणि तिला धावण्याचं शिक्षण दिलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, तिला रिलेत कांस्यपदक मिळालं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तर तिने कमालच केली. १०० मीटर ११ सेकंदांत, २०० मीटर २४ सेकंदांत, आणि शिवाय ४ × १०० मीटर रिले. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदकं जिंकणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली.

आता खरी परीक्षा पुढे होती. गावाने सत्काराची तयारी केली, पण तेव्हाच्या रीतीप्रमाणे गोरे वेगळे आणि काळे वेगळे बसणार होते. असा सत्कार असेल तर मी येणार नाही, असं विल्माने स्पष्ट कळवलं. वीस वर्षांची पोर, पण मागे हटली नाही. शेवटी गावाला नमावं लागलं. मिरवणूक आणि मेजवानी, दोन्हींत सगळे एकत्र आले. क्लार्क्सव्हिलमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं.

बावीसाव्या वर्षी तिने धावणं थांबवलं. पुढच्या वर्षी प्राथमिक शिक्षणाची पदवी घेतली आणि दुसरीच्या मुलांना शिकवू लागली. म्हणजे बघा, ती आपल्यापैकीच एक! १९८१ मध्ये तिने मुलांना खेळात पुढे आणण्यासाठी संस्था काढली. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी मेंदूच्या कर्करोगाने तिचं निधन झालं.

ही गोष्ट वर्गात सांगून झाली की मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : विल्माची पदकं कोणाकोणाची? आई, मालीश करणारी भावंडं, टेंपल सर अशी नावं मुलं आपणहून सांगतील. आणि पालकांनो, तुमचं मूल आज मागे वाटत असेल तर त्याला रोजचा थोडा वेळ द्या. ब्लँचकडे तरी दुसरं काय होतं?