अग्निरथाचा पहिला मार्गदीप

रात्रीच्या समयी एखाद्या लहानशा स्टेशनाच्या फलाटावर उभे राहिले, म्हणजे दूरवर रुळांच्या टोकाशी प्रथम प्रकाशाचा एक ठिपका दिसू लागतो. गाडीचा आवाज अद्याप कानी आलेला नसतो. तो ठिपका हळूहळू मोठा होतो, रूळ चांदीच्या तारांप्रमाणे चकाकू लागतात आणि पाहता पाहता गाडी धडधडत समोर येऊन उभी राहते. हा दिवा आपल्या इतक्या परिचयाचा झाला आहे, की तो इंजिनाबरोबरच जन्मास आला असावा असे आपल्याला वाटते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. आरंभीच्या आगगाड्या बहुधा दिवसाउजेडीच धावत. काळोखात इंजीन पुढे नेण्यासाठी त्याच्यापुढे प्रकाश कसा धरावा, या प्रश्नाचे उत्तर ज्याने अगदी सुरुवातीच्या काळात शोधून काढले, तो पुरुष म्हणजे अमेरिकेतील इंजिनिअर होरेशियो ॲलन.

होरेशियोचा जन्म १८०२ साली न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावी झाला. त्याचे वडील गणिताचे प्राध्यापक होते. मुलाच्या अंगीही तीच आवड उतरली. १८२३ साली कोलंबिया महाविद्यालयाची पदवी घेऊन तो बाहेर पडला, तेव्हा गणितातील त्याचे प्रावीण्य सर्वांच्या नजरेत भरले होते. तो काळ अमेरिकेत कालव्यांचा होता. जड माल वाहून न्यावयाचा तर कालवा खणावा व काठावरून घोड्यांनी नावा ओढाव्यात, हीच रीत होती. तरुण ॲलन डेलावेअर आणि हडसन कालव्याच्या कामावर जॉन जर्व्हिस या जाणत्या इंजिनिअरच्या हाताखाली नोकरीस लागला.

या कालव्याच्या कंपनीपुढे एक अडचण होती. पेन्सिल्व्हेनियातील दगडी कोळशाच्या खाणी आणि कालवा यांच्यामध्ये डोंगर आडवा आला होता. तेथे पाणी चढविणे शक्य नव्हते. म्हणून सुमारे सोळा मैलांचा लोहमार्ग बांधावा व सपाट भागात वाफेची इंजिने चालवावीत, असा विचार पुढे आला. इंग्लंडमध्ये तीनच वर्षांपूर्वी, १८२५ साली, स्टॉक्टन ते डार्लिंग्टन ही रेल्वे सुरू झाली होती. ती विद्या प्रत्यक्ष पाहून यावी आणि इंजिने खरेदी करावीत, या हेतूने १८२८ साली ॲलन इंग्लंडला गेला. तेथे जॉर्ज स्टीफन्सनची व त्याची भेट झाली. कारखान्यांतून हिंडून, इंजिनांचा बारकाईने अभ्यास करून, त्याने चार इंजिने तयार करण्यास सांगितली. त्यांपैकी तीन स्टाउरब्रिज गावच्या कारखान्यात बनली. त्यांतल्या एका इंजिनाच्या तोंडावर सिंहाचे मुख रंगविलेले होते. त्यामुळे त्याला स्टाउरब्रिजचा सिंह असे नाव मिळाले.

८ ऑगस्ट १८२९ हा या सिंहाच्या परीक्षेचा दिवस ठरला. पेन्सिल्व्हेनियातील होन्सडेल या गावी लोकांची दाटी झाली. परंतु पाहणाऱ्यांच्या मनात कौतुकापेक्षा भीतीच अधिक होती, आणि त्या भीतीला कारणही होते. इंजीन योजल्यापेक्षा पुष्कळच जड निघाले होते. रूळ लाकडी तुळयांचे असून त्यांवर केवळ लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या. थोड्याच अंतरावर मार्ग वळण घेत होता आणि पुढे नदीवर सुमारे तीस फूट उंचीचा लाकडी पूल होता. इंजीन रुळांवरून घसरेल अथवा पूलच कोसळेल, असे जाणती माणसेही बोलत होती. ॲलनने तोपर्यंत एकदाही स्वतः इंजीन चालविले नव्हते. तरीही त्याने हे काम दुसऱ्या कोणावर सोपविले नाही, आणि बरोबर कोणालाही घेतले नाही. प्राणावर बेतण्याचा प्रसंग आलाच, तर तो एकाच्याच प्राणावर बेतावा, असा त्याचा निश्चय होता. सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणाने वाफ सोडली, इंजीन हलले, वळण पार केले, पुलावरून सुखरूप गेले आणि अरण्यात दिसेनासे झाले. दोन-तीन मैल जाऊन तो परत आला, तेव्हा लोकांनी मोठा जयघोष केला.

प्रयोग सिद्धीस गेला खरा, परंतु त्याचे फळ हाती आले नाही. त्या दुबळ्या रुळांना सिंहाचा भार पेलवेना. शेवटी ते इंजीन बाजूला काढून ठेवावे लागले. मात्र वाफेच्या सामर्थ्यावरील ॲलनचा विश्वास तिळमात्रही ढळला नाही. चूक इंजिनाची नसून मार्गाची आहे, हे त्याने ओळखले होते.

त्याच वर्षी दक्षिणेकडील चार्ल्सटन शहरातील एका नव्या कंपनीने त्याला आपला मुख्य इंजिनिअर नेमले. समुद्रकिनाऱ्यावरील चार्ल्सटनपासून सव्हाना नदीकाठच्या हॅम्बर्ग गावापर्यंत १३६ मैलांचा लोहमार्ग बांधून आतील मुलखातला कापूस बंदरात आणावा, असा त्या कंपनीचा बेत होता. गाड्या घोड्यांनी ओढाव्यात की इंजिनांनी, हा मोठाच प्रश्न संचालकांपुढे होता. इंजिनांचा अनुभव देशात कोणालाच नव्हता. घोडे मात्र सर्वांच्या माहितीचे होते. ॲलनने त्यांना समजावून सांगितले, की घोड्याची जात यापुढे फारशी सुधारण्याचा संभव नाही. उलट इंजीन आज बाल्यावस्थेत आहे आणि उद्या ते किती बलवान होईल याची कल्पना आज कोणालाही करता येणार नाही. संचालकांना त्याचे म्हणणे पटले. त्यांनी एकमताने वाफेच्या बाजूने कौल दिला.

१८३० सालच्या नाताळच्या दिवशी या मार्गावर उतारूंची गाडी सुरू झाली. परंतु हे यश निर्भेळ नव्हते. दलदलीत लाकडी खांब रोवून त्यांवर रूळ टाकण्याचे कष्टाचे काम बव्हंशी गुलामगिरीत पिचणाऱ्या काळ्या मजुरांनी केले होते. पुढे जून १८३१ मध्ये इंजिनाचा बॉयलर फुटला. वाफ बाहेर सोडणाऱ्या सुरक्षा-झडपेचा फूत्कार बंद व्हावा म्हणून आग घालणाऱ्या मजुराने ती झडप दाबून धरली होती, असे सांगतात. तो बिचारा प्राणास मुकला. ते नवे यंत्र काय आहे आणि त्याची झडप कशासाठी आहे, हे त्याला कोणी नीट शिकविले होते काय? इतिहासाने त्याचे नावही राखलेले नाही. लोकांच्या मनातील धास्ती जावी म्हणून इंजीन व उतारूंचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गासड्यांनी भरलेला एक डबा जोडण्याची युक्ती मग काढण्यात आली.

याच सुमारास ॲलनपुढे काळोखाचा प्रश्न उभा राहिला. मार्ग पुरा झाल्यावर १३६ मैलांचे अंतर दिवसाच्या उजेडात पार पडणे कठीण होते. इंजिनांचा वेग तेव्हा बेताचाच होता. मार्ग एकेरी असल्याने ठराविक जागी बाजूच्या रुळांवर थांबून समोरच्या गाडीस वाट द्यावी लागे. त्यातही वेळ जाई. तेव्हा आज ना उद्या रात्रीही गाड्या चालवाव्या लागणार, हे ॲलनने आधीच हेरले. पण रात्री चालवावयाच्या कशा? मार्ग घनदाट अरण्यातून आणि दलदलीतून जात होता. रुळांवर झाड आडवे पडले असेल, एखादे जनावर उभे असेल, तर चालकाला ते दिसणार कसे? साध्या कंदिलाचा उजेड चार पावलांपलीकडे पोहोचत नव्हता.

उपाय त्या अरण्यातच होता. मार्गाच्या दुतर्फा चीड जातीच्या वृक्षांची दाटी होती. त्यांच्या लाकडातील गाठी राळेने भरलेल्या असतात आणि पेटल्या म्हणजे मशालीसारख्या लखलखीत जळतात. ॲलनने इंजिनाच्या पुढे दोन सपाट, उघड्या मालवाघिणी जोडल्या. अगदी पुढच्या वाघिणीवर वाळूचा थर पसरला, म्हणजे खालच्या फळ्यांना आग लागू नये. त्या वाळूवर लोखंडी गजांचा, कलशाच्या आकाराचा एक पिंजरा उभारला आणि त्यात चिडाच्या गाठी पेटविल्या. गाडीचा वेग कमी-अधिक करण्यासाठी खुणाही ठरवून दिल्या. इंजीन त्या दोन वाघिणींना पुढे ढकलीत चालू लागले आणि अरण्यातील अंधार दुभंगून ज्वाळांचा तांबूस प्रकाश रुळांवर पडू लागला. आगगाडीच्या इंजिनासाठी योजलेला पहिला मार्गदीप म्हणून आज हीच चालती धुनी ओळखली जाते.

या योजनेतील उणिवाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. उघड्या अग्नीचा प्रकाश चोहोकडे पसरतो. म्हणून रुळांच्या दिशेने त्याचा थोडाच अंश जातो. आगीत सारखे सरपण घालावे लागते, आणि पाऊस आला तर तिचे तेज मंदावते. पुढील पिढीतील कारागिरांनी या उणिवा एकेक करून दूर केल्या. त्यांनी तेलाचा दिवा काचेच्या पेटीत बसविला व त्याच्या मागे चकचकीत केलेला अंतर्वक्र आरसा ठेवला. अशा आरशाच्या नाभीशी ज्योत असली, म्हणजे इतस्ततः जाणारे किरण एकत्र होऊन समोरच्या दिशेने झोताप्रमाणे जातात. १८५९ नंतर खनिज तेल मुबलक मिळू लागले व हे दिवे रॉकेलवर जळू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंजिनाच्याच वाफेवर लहानसे चक्र फिरवून वीज निर्माण करण्यात आली आणि विजेचा दिवा इंजिनाच्या कपाळी झळकू लागला. ज्या वाफेने गाडी ओढली, तीच वाफ तिला वाटही दाखवू लागली.

१८३३ साली चार्ल्सटन-हॅम्बर्ग मार्ग पूर्ण झाला. त्या वेळी एवढ्या लांबीचा लोहमार्ग जगात दुसरा नव्हता. ॲलन मात्र एका यशावर विसावला नाही. पुढे त्याने जर्व्हिसबरोबर न्यूयॉर्क शहराला क्रोटन नदीचे पाणी पुरविणाऱ्या योजनेवर काम केले. १८४२ साली ते पाणी शहरात खेळू लागले. त्यानंतर त्याने ईरी रेल्वेचे अध्यक्षपद सांभाळले, आणि आगबोटींची इंजिने बनविणाऱ्या न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध कारखान्याची धुराही वाहिली. ब्रुकलिनच्या सुविख्यात झुलत्या पुलाच्या कामी त्याचा सल्ला घेण्यात आला. अमेरिकेतील स्थापत्य इंजिनिअरांच्या संस्थेने त्याला आपला अध्यक्ष निवडले. १८८९ साल सरता सरता, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. तोपर्यंत त्याच्या देशात लोहमार्गांचे विशाल जाळे पसरले होते आणि रात्रंदिवस गाड्या धावत होत्या. इंजिनाच्या भावी सामर्थ्याविषयी संचालकांपुढे त्याने जे भाकीत केले होते, ते त्याच्या डोळ्यांदेखत खरे ठरले.

आज त्या लोखंडी पिंजऱ्याची गोष्ट ऐकताना ती आपल्याला साधी, किंबहुना ओबडधोबड वाटेल. परंतु हाताशी उत्तम साधन नाही म्हणून ॲलन हात जोडून बसला नाही. अरण्यातले लाकूड, नदीकाठची वाळू आणि चार लोखंडी गज एवढ्यावरच त्याने रात्रीची वाट उजळली. नव्या कामातील धोका त्याने होन्सडेलच्या पुलावर प्रथम स्वतःच्या शिरावर घेतला, आणि उद्याची गरज आजच ओळखून तिची तयारी केली. रात्री दूरवरून येणाऱ्या गाडीचा दिवा दिसला, म्हणजे वाळूवर पेटविलेल्या त्या पहिल्या अग्नीचे आपण क्षणभर स्मरण करावे.